इंजिन चालू आहे, तीच अडचण आहे

हेलिकॉप्टर खाली यायला तयार नव्हतं.

म्हसवडच्या बाजूच्या एका गावातून, शाळेच्या मैदानावरून, आम्ही नुकतेच उडालो होतो. थंडीचे दिवस. दुपार कलली होती. ठरलेल्या उंचीवर पोचल्यावर मी डाव्या हातातला दांडा किंचित खाली केला. एरवी एवढं केलं की चढणं थांबतं आणि मशीन सरळ वाटेला लागतं. त्या दिवशी कानात भोंगा वाजला. रोटरचा, म्हणजे डोक्यावरच्या पंख्याचा, काटा वर सरकायला लागला. समोर एक लाल दिवा लागला होता. मी दांडा होता तिथं परत नेला. भोंगा थांबला. दिवा तसाच राहिला. आणि आम्ही वर जात राहिलो.

खाली मैदानावरचा मांडव दिसत होता. निळ्या-पिवळ्या कापडाचा. तो आधी चादरीएवढा होता, मग रुमालाएवढा झाला.

"लय झ्याक वर चाललंय," माझ्या शेजारच्या सीटवरून अक्काताई म्हणाल्या.

मी दांडा धरूनच होतो.

मी मूळचा वाईचा. सैन्याच्या एव्हिएशनमध्ये नोकरी केली. तिथून बाहेर पडल्यावर पुण्याच्या एका चार्टर कंपनीत लागलो. चार्टर म्हणजे भाड्याचं हेलिकॉप्टर. लग्नं, देवदर्शन, पुढाऱ्यांचे दौरे, कधी एखादा पेशंट. त्या दिवशीचं काम गोड होतं. सुभेदार रंगराव माने, आर्मीतून निवृत्त झालेले, सांगलीला विश्रामबागेत मुलाकडे राहणारे. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मुलाने हौसेने हेलिकॉप्टर ठरवलं होतं. सकाळी आई-वडिलांना सांगलीहून गावाकडे न्यायचं, कार्यक्रम झाला की परत आणायचं. मुलगा स्वतः पाहुण्यांचं बघायला गावातच मागे थांबला होता. तो गाडीने येणार होता.

येताना सुभेदार पुढे बसले होते. जाताना ते म्हणाले, "आता हिला बसू द्या म्होरं. मी आयुष्यभर लय बघितलं." म्हणून त्यांच्या पत्नी अक्काताई माझ्या डावीकडे होत्या आणि सुभेदार मागे. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, त्यावरून कानाला हेडफोन. सगळ्यांच्या कानाला हेडफोन होता, त्यामुळे जो जे बोलेल ते सगळ्यांना ऐकू जात होतं.

आता त्या लाल दिव्याबद्दल सांगतो.

हेलिकॉप्टरचा पंखा नेहमी एकाच गतीने फिरला पाहिजे. कमी झाला तर आपण पडतो, जास्त झाला तर पंखाच मोडतो. वैमानिकाच्या डाव्या हाताला जो दांडा असतो त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. तो वर ओढला की पात्यांचा तिरपेपणा वाढतो, ती जास्त हवा कापतात आणि मशीन उचललं जातं. पण जास्त हवा कापायला जास्त ताकद लागते. ती द्यायला इंजिनात जास्त इंधन गेलं पाहिजे. दांडा खाली केला की इंधन कमी झालं पाहिजे. जुन्या मशीनमध्ये हे सांभाळता सांभाळता मनगट दुखायचं. आता हे काम एक कॉम्प्युटर करतो. त्याला फॅडेक म्हणतात.

आमच्या भागातल्या माणसाला मी हे गुऱ्हाळावरून समजावतो. काहिलीत रस उकळतोय. खाली चुलवाणापुढे एक माणूस चिपाडं सारत बसलेला असतो. वरच्याने हात वर केला की तो जाळ वाढवतो, खाली केला की कमी करतो. फॅडेक म्हणजे तो माणूस. आमचा तो माणूस त्या दिवशी झोपला नव्हता, उठूनही गेला नव्हता. त्याची तंद्री लागली होती. कुणी काही सांगो, तो एकाच गतीने चिपाडं सारत होता. आणि तंद्री लागली ती नेमकी आम्ही चढत असताना. जाळ मोठा होता तेव्हा.

याला फ्यूएल फ्रीझ म्हणतात. इंधन गोठतं असं नाही, त्याचं माप गोठतं.

रेडिओवर मी इक्बालला हाक मारली. इक्बाल मुलाणी आमचा इंजिनिअर, मिरजेचा. तो अजून शाळेच्या मैदानावरच हातातला सेट घेऊन उभा होता.

"इक्बाल, फॅडेकचा लाल दिवा. फ्यूएल फ्रीझ."

थोडा वेळ नुसती खरखर.

"रोटर?"

"दांडा वर धरला तर जागेवर. खाली केला की पळतोय."

"अडकलंय कितीवर सर?"

"चढायच्या पॉवरवर."

"आयला," इक्बाल म्हणाला. रेडिओवर असं बोलायचं नसतं. "सर, ग्रिपला हात लावू नका. आत्ता नको. टेकल्यावर बघू."

ग्रिप म्हणजे दांड्याच्या टोकाची मूठ. स्कूटरच्या ॲक्सिलरेटरसारखी पिळता येते. कॉम्प्युटर रुसला तर तिच्याने इंधन हाताने कमी-जास्त करता येईल अशी सोय असते. पण ती सोय भरड आहे. हवेत असताना थोडं जास्त पिळलं गेलं आणि इंजिन विझलं, तर होती ती अडचण बरी म्हणायची वेळ येते. आमच्या पुस्तकात सरळ लिहिलंय, की आहे त्या इंधनावर उतरता येत असेल तर आहे ते राहू द्या.

"कराडला जातो," मी म्हणालो.

"मी तिकडं फोन लावतो. आन गाडी काढतो."

शाळेच्या मैदानावर परत का उतरलो नाही, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. त्या मैदानाला एका बाजूला चिंच होती, दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा, आणि मध्ये जेवून उठलेलं अर्धं गाव. मला उतरायला लांब, सपाट, कडक जमीन हवी होती, कारण मला घसरत उतरावं लागणार होतं. माणचा माळ सपाट दिसतो, पण त्यात दगड आहेत. आमच्या मशीनला चाकं नसतात, दोन नळ्या असतात, स्किड म्हणतात त्यांना. नळी दगडाला अडली की मशीन कलंडतं. कराडला धावपट्टी आहे. लहान आहे, पण सरळ आहे.

आता वर जाणं थांबवायचं होतं. ताकद तर कमी होणार नव्हती, ती कुठेतरी खर्च करायची होती. मी नाक खाली केलं. वेग वाढला. अजून केलं, अजून वाढला. वेगाचा काटा लाल रेघेच्या जवळ गेल्यावर चढणं थांबलं. मशीन थरथरत होतं, पण सरळ जात होतं. जादाची सगळी ताकद वारा कापण्यात जात होती.

मग मी मागे बसलेल्या सुभेदारांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. हेडफोनवर त्यांनी सगळं ऐकलंच होतं.

"सुभेदारसाहेब, इंजिनाचं कंट्रोल अडकलंय. आपण सांगलीऐवजी कराडला उतरतोय."

"इंजिन बंद पडलं का काय, साब?"

"नाही. इंजिन चालू आहे."

"मंग अडचण काय हाय?"

"तीच अडचण आहे."

त्यांनी थोडा विचार केला असावा. मग म्हणाले, "ठीक आहे साब." अगदी परेडवरच्या आवाजात.

अक्काताईंनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजी आपुन खाली येत न्हाई व्हय?"

"येणार आहोत अक्का. थोडा वेळ लागेल."

"लागू द्या की," त्या म्हणाल्या. "मला कुटं घाई हाय?"

आणि त्या परत खिडकीकडे वळल्या.

पुढचा सगळा वेळ मला अजून कधी कधी झोपेत आठवतो. भीती म्हणून नाही. इंजिन एकाच सुरात वाजत होतं. एरवी तो सूर सारखा बदलत असतो, थोडा वर, थोडा खाली, आपल्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी तो बदलतच नव्हता. थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा झाला. जणू आवाज नाहीच, आपण नुसतेच सरकतोय. खाली माणदेशाची पिवळी जमीन होती, तिच्यावर धुरकट ऊन. राजेवाडीचा तलाव मागे गेला, कुणीतरी उन्हात ठेवलेल्या काशाच्या ताटासारखा. मेंढरांचा एक कळप आमच्या सावलीने दुभंगला आणि परत एक झाला.

माझे हात काम करत होते. डावा हात दांड्यावर, गोठल्यासारखा. तो हलला तर रोटर पळेल. सगळं उजव्या हाताने, नाक थोडं वर-खाली करून सांभाळायचं. हे एकदा जमलं की करायला फार काही उरत नाही. तीच यातली चमत्कारिक गोष्ट. इंजिन बंद पडलं तर वैमानिकाला श्वास घ्यायला फुरसत नसते. इथे मला भरपूर फुरसत होती.

मायणीच्या अलीकडे अक्काताईंनी काचेला बोट लावलं.

"त्ये बघा. त्यो देवळाचा पांढरा कळस. त्ये माझं म्हायार."

मी बघितलं. विहीर, देऊळ, बाभळी, थोडी घरं.

त्यांनी मान वळवून मागे बघितलं, जिथून आम्ही आलो होतो तिकडे. मग पुन्हा पुढे. मग पुन्हा मागे.

"एवढंच हुतं व्हय?" त्या म्हणाल्या.

"काय अक्का?"

"म्हायार आन सासर. मी चालत यायची की. येष्टी लय वरसांनी आली. पोरगं काखंत, गठुळं डोईवर. कोंबडं आरवायच्या आत निघायचं आन दिवं लागणीला पोचायचं. मधी त्यो माळ. मला वाटायचं, ह्यो माळ संपतच न्हाई." त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. "आन हितनं बघा. एका नजरंत दोनी घरं."

मागून सुभेदारांचा आवाज आला. "चालत? मी पैसं पाठवत हुतो की. बैलगाडी करायची."

"तुमी पाठवत हुता. सासूबाई घेत हुत्या."

"तू कवा बोलली न्हाईस."

"तुमी कवा हुता?"

 सुभेदारांनी लडाख, नागालँड, राजस्थान सगळं केलं होतं. सकाळी सत्काराच्या भाषणात ती सगळी नावं आली होती. अक्काताईंच्या माळाचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

मला वाटलं, यात आपण बोलू नये. मी वेगाच्या काट्याकडे बघितलं.

सागरेश्वराचे डोंगर डावीकडे राहिले आणि जमिनीचा रंग बदलला. पिवळ्याचा हिरवा झाला. कृष्णेचं खोरं. उसाला तुरे आले होते. वरून बघितलं तर पांढऱ्या-जांभळ्या धुक्याचा थर शेतांवर पसरल्यासारखा दिसत होता, आणि मध्येच कुठेतरी गुऱ्हाळाचा धूर सरळ उभा. कृष्णा आणि कोयना मिळतात तिथे पाण्यावर ऊन होतं.

आता उतरायचं कसं, ते सांगतो.

हेलिकॉप्टरला दोन वेळा जास्त ताकद लागते. एक, खूप वेगात जाताना. दुसरं, जवळजवळ जागेवर तरंगताना. मधल्या वेगात ते हलकं असतं, त्याला थोडीच ताकद पुरते. आमची ताकद मोठी आणि गोठलेली. म्हणजे वेगात असेपर्यंत ठीक. पण उतरायला वेग कमी करायचा म्हटलं की मधला टप्पा लागणार, आणि तिथे मशीन वर उसळणार. तो टप्पा ओलांडून अगदी हळू झालो, की मग ताकद कमी पडायला लागणार आणि ते आपोआप, सावकाश खाली यायला लागणार. त्या हळू वेगात धावपट्टीवर टेकायचं. हे मी सैन्यात शिकलो होतो, सिम्युलेटरमध्येही केलं होतं. खऱ्या मशीनमध्ये, खऱ्या माणसांना घेऊन, पहिल्यांदाच करत होतो.

आणि टेकल्यावर खरी अडचण सुरू होणार होती. जमिनीवर दांडा खाली करावाच लागतो, नाहीतर मशीन अर्धवट तरंगत राहतं आणि कुठेही जातं. दांडा खाली केला की पंख्यावरचा भार जाणार. इंजिन मात्र तेवढंच जोर लावणार. मग पंखा सुसाट. त्या क्षणी इंजिन बंद व्हायला हवं. ग्रिप पिळून बंद झालं तर उत्तम. नाही झालं तर छताला एक लाल लिव्हर असते, ती मागे ओढली की इंधनाचा नळच बंद होतो. पण माझा डावा हात दांडा आणि ग्रिपवर, उजवा हात नाक वर-खाली करणाऱ्या दुसऱ्या दांड्यावर, पाय पेडलवर. लिव्हरसाठी तिसरा हात हवा होता.

मी अक्काताईंकडे बघितलं.

"अक्का, एक काम करायचंय."

"सांगा."

"वर बघा. लाल मूठ दिसते? हात लावू नका. नुसतं बघा."

"दिसली."

"आपण टेकल्यावर मी म्हणेन, ओढा. मी म्हणालो तरच ओढायची. मागं, जोरात. तिला एक बारीक तार बांधलीय, ती तुटेल. तुटू दे."

"आन तुमी म्हणायच्या आदी वडली तर?"

"तर आपण पडू."

त्यांनी मान हलवली, बाजारातला भाव ऐकल्यासारखी.

"साब," मागून सुभेदार. "तिला न्हाई जमायचं. तिचं हात कापत्यात. मी येतो म्होरं."

आणि बेल्टचं बक्कल उघडल्याचा आवाज आला.

"सुभेदारसाहेब, बेल्ट लावा."

"साब, मी सांगतो..."

"बेल्ट लावा. ही ऑर्डर आहे."

मी त्यांच्यापेक्षा वयाने कितीतरी लहान. सकाळी त्यांच्या पाया पडलो होतो. पण मागे माणूस हलला तर मशीनचा तोल हलतो, आणि मला तो परवडणार नव्हता.  मग बक्कल परत बसल्याचा आवाज आला.

"येस सर," ते म्हणाले. मग आवाज बदलून, हळू, "अगं, नीट ऐक त्यांचं."

"ऐकत्ये की. तुमी गप बसा."

मी अक्काताईंकडून दोनदा करून घेतलं. हात वर, मुठीच्या जवळ, न लावता. त्यांनी विचारलं, "बैल उधळला की कासरा वडत्यात, तसंच न्हवं?" मी म्हणालो, तसंच. सुभेदारांचं खोटं नव्हतं, हात खरंच कापत होता. 

कराडच्या आधी, मोकळ्या शेतांवर, मी एकदा उंचावरच करून बघितलं. नाक वर केलं. वेग उतरला आणि मशीन पतंगाला ढील दिल्यासारखं वर निघालं.  उंचीचा काटा वर चालला होता, जमीन लांब जात होती. मी तसंच धरून ठेवलं. वेग अजून उतरला. मग कुठेतरी ते थकल्यासारखं झालं. चढणं मंदावलं, थांबलं. आम्ही आकाशात, सायकलीच्या वेगाने, तुऱ्यांच्या त्या धुक्यावर तरंगत होतो. आणि मग अगदी हळू, खाली यायला लागलो.

"आलं की खाली," अक्काताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती, असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

म्हणजे जमत होतं. मी तो वेग लक्षात ठेवला, नाक खाली करून पुन्हा वेग घेतला आणि धावपट्टीच्या रेषेत आलो.

कराडच्या रेडिओवरच्या माणसाचा आवाज शांत होता. धावपट्टी मोकळी आहे, वारा समोरून आणि थोडा, अग्निशामक गाडी उभी आहे. मी म्हणालो, घसरत उतरणार आणि पट्टीवरच इंजिन बंद करणार. तो म्हणाला, पट्टी तुमचीच आहे.

लांबून, खूप लांबून मी उतरायला सुरुवात केली. घराघरांच्या गच्च्या, वाळत घातलेलं कापड, एक बाई शेळीला चारा टाकता टाकता वर बघतेय. मधल्या वेगात ते पुन्हा उसळलं, पण आता मला ते ओळखीचं होतं. मग हळू झालो. अजून हळू. काळी पट्टी पायाखाली आली. आमची सावली आधी बाजूला होती, ती सरकत सरकत आमच्याखाली आली. मी काही करत नव्हतो, फक्त थांबलो होतो, असं वाटत होतं. जमीन स्वतःच वर येत होती.

स्किड टेकले. कानठळ्या बसणारा करकराट. मशीन पुढे घसरत होतं. मी दांडा थोडा खाली केला आणि ग्रिप पिळली.

काहीच झालं नाही.

पुन्हा पिळली, पूर्ण. इंजिन त्याच सुरात. भोंगा वाजला. रोटरचा काटा लाल रेघेकडे निघाला.

"अक्का, ओढा!"

मी तिकडे बघितलं नाही. बघायला वेळ नव्हता. तार तुटल्याचं मला ऐकू आलं, हे खरं नसणार, पण माझी आठवण तशीच आहे. मग तो सूर तुटला. इतका वेळ कानात भरून राहिलेला सूर एकदम गेला. नाक एका अंगाला वळायला लागलं. इंजिनाचा जोर गेला की असं होतं. मी पायाने ते धरलं, दांडा खाली सोडला. मशीन थोडं वाकडं होऊन अजून घसरलं आणि थांबलं.

वर पंखा सोडून दिल्यासारखा फिरत होता, फक्त हवेचा आवाज. हळूहळू पातं पातं वेगळं दिसायला लागलं.

अक्काताईंचा हात अजून वर होता. मूठ घट्ट. डोळे मिटलेले.

"सोडू का आता?" त्यांनी विचारलं.

"सोडा अक्का."

पंखा थांबेपर्यंत मी कुणालाही उतरू दिलं नाही. थांबल्यावर सुभेदार आधी उतरले. पुढून वळसा घालून अक्काताईंच्या दारापाशी गेले, दार उघडलं आणि हात पुढे केला. अक्काताईंनी तो हात धरला, पण उतरल्या नाहीत.

"जरा बसू द्या," त्या म्हणाल्या. "पाय कुटं गेलं कळंना झालंय."

सुभेदार उभे राहिले. हात धरून, ताठ, अग्निशामक गाडी जवळ येईपर्यंत. मग त्यांनी दुसऱ्या हाताने तिचा विस्कटलेला पदर नीट केला. ते त्यांना फारसं जमलं नाही.

मी माझ्या बाजूने खाली उतरलो आणि तिथेच धावपट्टीवर बसलो. 

फोन वाजला. पुण्याहून ऑपरेशन्सचे साहेब.

"सगळे ठीक?"

"ठीक."

"गुड. व्हेरी गुड. मशीनचं काय? परवा लग्नाचं बुकिंग आहे."

"नवरदेवाला घोडा बघायला सांगा."

"आर यू शुअर?"

"सर, मी धावपट्टीवर बसलोय. मशीन माझ्या शेजारी तिरकं उभं आहे. मी शुअर आहे."

इक्बाल अंधार पडायच्या आत पोचला. त्याने आधी मला मिठी मारली, मग मशीनभोवती फिरला, मग स्किडच्या घासलेल्या तळाला हात लावून जीभ चावली. पुढे यथावकाश सगळी तपासणी झाली. इंधनाची झडप हलवायला एक अंगठ्याएवढी मोटर असते. तिच्या आतल्या एका चाकाचा दाता तुटून अडकला होता. कॉम्प्युटर शेवटपर्यंत शहाणा होता, त्याला सगळं कळत होतं, पण त्याचा हातच धरला गेला होता. म्हणून त्याने लाल दिवा लावला. तेवढंच तो करू शकत होता.

"आणि ग्रिप?" मी इक्बालला विचारलं.

"ग्रिपचा हुकूम पण त्याच मोटरकडं जातो सर. दोन दारं ठेवलीत, पण किल्ली एकच."

ते भाग बनवणाऱ्यांना कळवलं. त्यांनी तो पूर्ण संच बदलून दिला आणि पुढच्या मशीनमध्ये काय बदलणार ते लिहून पाठवलं. मी सुट्टी घेऊन वाईला गेलो, घाटावर बसलो, परत आलो, पुन्हा उडायला लागलो.

आता मी पुढे बसणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला उडण्याआधी ती लाल लिव्हर दाखवतो. काही जण घाबरतात. ऑफिसातून एकदा मला सुचवण्यात आलं, की ग्राहकांना असं सांगितल्याने अनुभवाचा आनंद कमी होतो. मी ते ऐकून घेतलं आणि सांगणं चालू ठेवलं.

सुभेदारांचा मध्यंतरी फोन आला होता. तब्येत विचारली, मशीनची विचारली. मग म्हणाले, "हिनं आता गाडी करून म्हायारी न्यायला लावलं मला. म्हनली, चालत जाऊया. मी म्हनलं, ऐंशी झाली माझी. तर म्हनली, मंग अर्ध्यात गाडी थांबवा."

"थांबवली का?"

"थांबवली की. चाललो थोडं. लय ऊन हुतं माळावर." मग म्हणाले, "लांब हाय साब त्ये. वरनं कळत न्हाई."

नवीन वैमानिक मला विचारतात, या प्रकारात नेमकं काय करायचं. मी त्यांना सांगतो की पुस्तकात जे लिहिलंय ते करायचं आणि जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही. इंजिन बंद पडलं तर विचाराला वेळच नसतो, म्हणून माणूस चुका कमी करतो. इंजिन चालू राहिलं तर वेळ भरपूर असतो आणि भलत्या कल्पना सुचायला लागतात. तेव्हा डावा हात हलवू नये. मधल्या वेळात खिडकीबाहेर बघायला हरकत नाही.